मूठ राहते कोपरापाशी

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळतं. गिऱ्हाईक फेसाकडे बघतं, फार तर पिळणाऱ्याच्या बोटांकडे. बघायला हवं त्याच्या कोपराखाली. कारण बोटं वाकवणारा एकही स्नायू बोटांत नाही!

मूठ आवळणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये बसलेले असतात. डाव्या हातानं उजव्या हाताचा तो भाग धरा आणि मूठ मिटा. आत काहीतरी सरकताना लागेल. तिथून निघालेल्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून पेरांपर्यंत जातात. पोहरा विहिरीत, ओढणारा काठावर, तसंच हे.

धार काढायची रीत बघा. अंगठा आणि तर्जनीनं सड वरून बंद करायचा, म्हणजे दूध कासेत परत चढत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी ओळीनं मिटत दूध खाली लोटायचं. लगेच सैल सोडायचं, सड पुन्हा भरू द्यायचा. सडाच्या टोकाशी स्नायूंचं गोल कडं असतं आणि म्हशीचं कडं गाईपेक्षा घट्ट, म्हणून जोर जास्त. त्यात पान्हा टिकतो काही मिनिटंच. मध्येच थांबून हात चोळत बसायची सोय नाही. एका दाबाला 20 मिलिलिटर धरलं, तर पाच लिटरला 250 वेळा मूठ. तबेल्यातल्या गड्यानं दहा म्हशी काढल्या तर अडीच हजार, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच.

गंमत अशी की दुखतं बऱ्याचदा भलतीकडेच. बोटं मिटताना मनगटही आत वळू पाहतं. ते सरळ धरून ठेवायला हाताच्या वरच्या बाजूचे, म्हणजे बोटं उघडणाऱ्या बाजूचे, स्नायू सतत ताणलेले राहतात. मूठ मिटणारा थकतो, तसा तिला आवरणाराही थकतो. कळ मग कोपराच्या बाहेरच्या अंगाला येते.

खरी अडचणीची जागा मात्र मनगट. तळहाताच्या मुळाशी एक बोगदा आहे: तीन बाजूंनी हाडं, वरून जाड पट्टा. त्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. घासून घासून कंडरांची आवरणं सुजतात, पण बोगदा रुंदावत नाही. चेपली जाते नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी शाबूत, कारण तिची नस या बोगद्यातून जातच नाही. बोटांचा एवढा हिशेब सांगितला तरी डॉक्टर निम्मं निदान करून मोकळे होतात.

यंत्र आलं की सुटका, असं वाटतं. पण स्वीडनमध्ये यंत्रानं दूध काढणाऱ्या बायकांचे हात तपासले तेव्हा त्यांच्याही नसा दबलेल्या आढळल्या. चार सडांना लावायचा तो जुडगा दोन-तीन किलोंचा. एका हातानं तो तोलून धरायचा, दुसऱ्यानं नळ्या चढवायच्या, मनगट वाकडं करून, गाईमागून गाय.

मुंग्या जास्त येतात रात्री. झोपेत मनगट नकळत दुमडतं, बोगद्यातला दाब वाढतो. माणूस दचकून उठतो, अंधारात हात झटकतो. झटकल्यावर बरं वाटतं. तोवर पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि गोठ्यात म्हैस रेकायला लागलेली असते.