मूत्रपिंडविकार, आहारातील प्रथिने आणि स्नायूंची कार्यशक्ती

साक्री तालुक्यातील शेतमजूर किंवा ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारा कामगार यांचे भांडवल म्हणजे त्यांचे स्नायू होत. अशा माणसास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार जडला, की पुष्कळदा त्याची तक्रार दम न पुरण्याची आणि पाय भरून येण्याची असते. त्यावर ‘डाळ बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो कितपत शास्त्रशुद्ध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्नायू का खंगतात ते पाहू. मूत्रपिंडे आम्ल बाहेर टाकण्यास असमर्थ झाली, की रक्तातील आम्लता वाढते आणि स्नायूंतील प्रथिनांचे विघटन करणारी यंत्रणा उत्तेजित होते. इन्सुलिनचा प्रभाव मंदावल्याने हा ऱ्हास अधिकच वाढतो. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडल्यामुळे रक्तक्षय होऊन स्नायूंना प्राणवायू अपुरा मिळतो. शिवाय स्नायुपेशींतील तंतुकणिकांचे कार्यही मंदावते. पहिल्या कारणांनी बळ घटते, तर दुसऱ्यांनी दम. सारांश, स्नायूंची हानी केवळ कमी खाण्याने होते असे नव्हे. ती या रोगाचाच एक भाग आहे.

मग प्रथिने कमी करण्याचा आग्रह कशासाठी? अतिरिक्त प्रथिनांमुळे मूत्रपिंडातील केशिकागुच्छांवरील दाब वाढतो, तसेच युरिया, आम्ल व फॉस्फेट यांचा भारही वाढतो. तथापि अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे जे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, त्यांत प्रथिने घटविल्याचा लाभ अपेक्षेइतका स्पष्ट दिसला नाही. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, मध्यम ते तीव्र विकारात शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत आणि १.३ ग्रॅमांहून अधिक घेणे टाळावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली निरोगी प्रौढांसाठी सुचविलेले प्रमाणही ०.८३ ग्रॅमच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता हे प्रमाण खानदेशी ताटाला लावून पाहू. ५० किलो वजनाच्या रुग्णास ४० ग्रॅम प्रथिने हवीत. तीन भाग ज्वारी व एक भाग उडीद असे कळण्याचे पीठ धरले, तर ३०० ग्रॅम पिठातून सुमारे ४० ग्रॅमच प्रथिने मिळतात. उडीद वगळून तितकेच ज्वारीचे पीठ घेतल्यास ती सुमारे ३० ग्रॅमांवर येतात; आणि ज्वारीत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असल्याने त्यांचा दर्जाही उतरतो. शिवाय या पिठातून जेमतेम १,००० किलोकॅलरी मिळतात. उरलेली ऊर्जा तेल, भात इत्यादींतून न मिळाल्यास शरीर प्रथिनेच इंधन म्हणून वापरते. म्हणून अशा ताटातून सरसकट डाळ काढणे म्हणजे स्नायूंवरच घाला घालणे होय. पोटॅशियम व फॉस्फेट यांसाठीचे निर्बंध रक्ततपासणीवरून वेगळे ठरवावेत.

रक्तशुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, सुरू झाल्यावर हिशेब पालटतो. प्रत्येक वेळी सुमारे ६ ते १२ ग्रॅम ॲमिनो आम्ले वाहून जातात. त्यामुळे गरज दर किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम, म्हणजे उपर्युक्त रुग्णास ५० ते ६० ग्रॅम होते. जुने पथ्य तसेच चालू ठेवल्यास खंगणे अटळ ठरते.

व्यायामाचे महत्त्वही दुर्लक्षिता येत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, अल्प-प्रथिन आहारावरील २६ रुग्णांपैकी ज्यांनी १२ आठवडे भारविरोधी व्यायाम केला त्यांचे स्नायुबळ वाढले.

शेवटी एक सावधगिरी. क्रिएटिनिन हे स्नायूंतूनच निर्माण होते. त्यामुळे कृश मजुराच्या रक्तातील त्याचा आकडा फसवा, म्हणजे प्रत्यक्षाहून सौम्य, असू शकतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी या चाचणीची जोड घेणे इष्ट. आहार ठरविताना मूत्रपिंडाइतकेच स्नायूंकडेही लक्ष द्यावे, हेच या विवेचनाचे तात्पर्य.