शिक्षेचा अधिकार नसलेला न्यायाधीश

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत धुऱ्यावरून वाद पेटला, कुणी पांदण अडवली किंवा मोहाच्या झाडावरून दोन घरांत बोलाचाली झाली, की ठाण्याआधी नाव निघते ते तंटामुक्ती अध्यक्षाचे, म्हणजे गावच्या तंटामुक्त गाव समितीच्या अध्यक्षाचे. त्याच्याकडे वकिलीची सनद नसते, पगार नसतो. ग्रामसभेने त्याला निवडलेले असते, एवढेच. आपल्याकडे न्यायाधीश निवडून देण्याची रीत नाही, पण लोकांनी निवडलेल्या न्यायाधीशाच्या सर्वांत जवळ जाणारे पद कोणते, तर हेच. त्याला दंड करता येत नाही, कोठडीत घालता येत नाही, आणि अनेकांना ही त्याची उणीव वाटते. मला मात्र त्याच्या टिकण्याचे कारण याच उणिवेत दिसते.

दंड करणारे निवडलेले पंच या भागाने पूर्वी पाहिले आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या 1946 च्या पंचायत कायद्यात न्याय पंचायती होत्या. 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानेही त्यांना जागा दिली. गावांच्या गटाला एक न्याय पंचायत, किरकोळ दिवाणी दावे, लहानसहान गुन्हे, दंडापुरता अधिकार, वकिलांना मज्जाव. देशभर त्यांच्याकडे येणारी प्रकरणे आटत गेली आणि महाराष्ट्राने 1975 मध्ये त्या मोडीतच काढल्या.

अशा पंचांविषयीचा इशारा एका माणसाने फार आधी दिला होता. 6 ऑक्टोबर 1932 रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंचांच्या हाती न्यायदान देण्याला कडाडून विरोध केला. संविधान सभेतील 4 नोव्हेंबर 1948 चे त्यांचे गावांविषयीचे भाषण सगळ्यांना ठाऊक असते. 1932 चे भाषण मला त्याहून मोलाचे वाटते, कारण तिथे प्रश्न नेमका न्यायाचा आहे. ज्या समाजात जातीची उतरंड मुरलेली आहे, त्याच समाजातून निवडून आलेले पंच साधा न्याय तरी करतील का, आणि दलितांनी आपला जीव, स्वातंत्र्य व मालमत्ता त्यांच्या स्वाधीन का करावी, असे त्यांनी विचारले. निवडणुकीने बहुमत कळते; पण न्यायाची गरज सर्वाधिक असते ती बहुमताच्या रोषाला बळी पडणाऱ्याला. पुढे घटनेत ग्रामपंचायतींसाठी अनुच्छेद 40 आला, तरी या प्रश्नाचे उत्तर कुणी दिले नाही. न्याय पंचायतींनी तर नाहीच दिले.

आदिवासी गावांत जातीची उतरंड तशी नाही, म्हणून तिथे हा आक्षेप लागू होत नाही, असे सांगितले जाते. गायता, भूमिया, गावपाटील या गावप्रमुखांच्या बैठकींतून आणि इलाक्याच्या पंचायतींतून माडिया-गोंड समाजाने शतकानुशतके आपले तंटे सोडवले. आदिवासी भागांतील पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यानेही तंटे मिटवण्याच्या रूढ पद्धती जपण्यास ग्रामसभेला सक्षम ठरवले. यात तथ्य आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही हा नियम पाळून दाखवला. तिथे एकट्या विरोधकालाही वजन असते. पण एटापल्ली तालुक्यातील बारसेवाड्यात मे 2024 मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळले गेले, आणि आरोपी त्याच गावातले होते. नक्षलवाद्यांच्या जन अदालतींनीही याच जंगलात लोकांच्या नावाने माणसे मारली. आरोप करणारा, निवाडा देणारा आणि शिक्षा करणारा एकच जमाव झाला, की आदिवासी गावही आंबेडकरांच्या आक्षेपातून सुटत नाही.

15 ऑगस्ट 2007 रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची आखणी या कसोटीवर बरीच टिकते. फौजदारीतले फक्त तडजोडीस पात्र गुन्हे समितीपुढे येतात. ती समजूत घालते, तडजोड लिहून घेते. पटले नाही तर कोर्टाची वाट मोकळी असते.  एका बांधासाठी कोर्टाच्या तारखा करणाऱ्याची मजुरी वाचते, हा काही लहान लाभ नव्हे. मोहिमेतला दोष दुसरीकडे होता: गाव तंटामुक्त ठरले की लाखोंचे बक्षीस. तंटा मिटवण्याला बक्षीस ठेवले की तंटा दडपण्यालाही ते मिळू शकते, आणि असे दडपण आधी मारहाण सोसणाऱ्या बाईवर येते. ते बक्षीस नसते तर मोहीम कमी गाजली असती, पण अधिक निर्मळ राहिली असती.

शिक्षाच नसेल तर अध्यक्षाचे ऐकायचे कशाला, हा प्रश्न उरतो. दोन्ही पक्षांनी सही केलेली तडजोड चारचौघांत मोडणे गावात सोपे नसते, म्हणून त्याचे ऐकले जाते. हा धाक बहिष्कारापर्यंत जाऊ शकतो, हे खरे. पण सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा जातपंचायतीइतकाच अशा समितीलाही लागू व्हायला हवा, आणि तो ग्रामसभेत अध्यक्ष निवडतानाच वाचून दाखवला पाहिजे. 2008 च्या ग्राम न्यायालय कायद्याने नेमायचा न्यायाधिकारी तालुक्याला आला, तरी धुऱ्यावर उभा राहून दोघांचे ऐकणारा माणूस गावाला लागणारच. त्याला दंड करण्याचा अधिकार देण्याची मागणी अधूनमधून होते. 1975 साली मोडीत निघालेल्या न्याय पंचायतींचे काय झाले हे ध्यानात घेऊन ती फेटाळावी.