मोटारसायकलीच्या ट्रेलरची प्रकाशव्यवस्था : विद्युतजोडणीची तत्त्वे आणि ग्रामीण रस्तासुरक्षा

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव निजाम-उल-मुल्क व मुबारिजखान यांच्यात १७२४ मध्ये झालेल्या लढाईमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सिंदखेड राजा तालुक्यातील या गावाचा आजचा व्यवहार मात्र मेहकर, चिखली व भोवतालच्या खेड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर चालतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तथापि त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे मोटारसायकलस्वाराला जुन्या रस्त्यांखेरीज पर्याय उरत नाही. अशा रस्त्यावर मोटारसायकलीमागे लहान ट्रेलर जोडल्यास तिचा टेल लाइट ट्रेलरच्या फळीआड झाकला जातो. प्रस्तुत लेखात ट्रेलरच्या दिव्यांना मोटारसायकलीवरून वीज पुरविण्यामागील तत्त्वांचा विचार केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

ताशी ६० कि.मी. वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. चालकाच्या प्रतिक्रियेस दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात २५ मीटर रस्ता संपतो आणि प्रत्यक्ष ब्रेक लागून वाहन थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही आणखी वीसेक मीटर लागतात. मळकट रंगाचा, दिवा नसलेला ट्रेलर खाली केलेल्या हेडलाइटच्या उजेडात एवढ्या अंतरावरून दिसेलच असे नाही. मागचा तांबडा दिवा हा म्हणूनच जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

विद्युतभाराचे गणित

ट्रेलरला सामान्यतः दोन टेल लाइट, दोन ब्रेक लाइट आणि दोन्ही बाजूंस इंडिकेटर लागतात. तंतूचे बल्ब वापरल्यास टेल लाइट प्रत्येकी ५ वॅट, ब्रेक लाइट प्रत्येकी २१ वॅट आणि इंडिकेटर १० वॅट धरता येतो. ब्रेक दाबून एका बाजूचा इंडिकेटर चालू असताना हा वाढीव भार ६२ वॅट होतो. १२ व्होल्टवर म्हणजे ५ अँपिअरहून अधिक. लहान मोटारसायकलीची बॅटरी २.५ अँपिअर-तासांची असली, तर तिच्यातील एकूण ऊर्जा सुमारे ३० वॅट-तास भरते. हा भार सलग राहिला आणि चार्जिंग मिळाले नाही, तर ती अर्ध्या तासाच्या आतच रिकामी होईल. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर सतत चालू राहतो. परिणामी मॅग्नेटोची शिल्लक क्षमता आणखी मर्यादित झाली आहे.

एसी आणि डीसी मंडल

अनेक जुन्या मोटारसायकलींमध्ये हेडलाइट व टेल लाइट मॅग्नेटोच्या एसी प्रवाहावर, तर हॉर्न, ब्रेक लाइट व इंडिकेटर बॅटरीच्या डीसी प्रवाहावर चालतात. हा भेद न ओळखता केलेली जोडणी हमखास फसते. एसी तारेवर ट्रेलरचे दिवे टाकल्यास हेडलाइट मंदावतो. डीसी रिले त्या तारेवर थरथरतो. एलईडी लुकलुकतो किंवा निकामी होतो. म्हणून प्रत्येक तार आधी मल्टिमीटरने तपासणे आवश्यक आहे. टेल लाइट एसीवर असल्यास ट्रेलरच्या टेल लाइटसाठी इग्निशननंतरची डीसी तार घेणे इष्ट.

रिलेची योजना

ब्रेकचा स्विच व फ्लॅशर मूळ बल्बांपुरतेच बनविलेले असतात. मूळ ब्रेक लाइटच्या २१ वॅटमध्ये ट्रेलरचे ४२ वॅट मिळवले की स्विचमधून तिप्पट प्रवाह जातो व त्याचे संपर्कबिंदू जळतात. फ्लॅशरवरील भार बदलल्यास इंडिकेटरची गतीही बिघडते. रिले वापरल्यास मूळ तारेवर केवळ त्याच्या वेटोळ्याचा, म्हणजे एक-दोन दशांश अँपिअरचा भार पडतो. दिव्यांचा मुख्य प्रवाह बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमार्गे येतो. हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा; अन्यथा मधली तार घासून उघडी पडल्यास तिला कोणतेच संरक्षण राहत नाही.

तार, अर्थ आणि सॉकेट

०.५ चौ. मि.मी. जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०३५ ओहम असतो. जाऊन-येऊन ८ मीटर तारेतून ३.५ अँपिअर प्रवाह गेला, तर जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि तंतूच्या बल्बचा उजेड साधारण एक-चतुर्थांशाने घटतो. १.५ चौ. मि.मी.ची तार घेतल्यास हीच घट एक-तृतीयांश व्होल्टवर येते.

ट्रेलरच्या जोडखिळ्यावर अर्थसाठी विसंबणे हा सर्वाधिक आढळणारा दोष होय. तेथील ग्रीस, गंज व धूळ यांमुळे संपर्क तुटतो. मग प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तंतूतून परतीची वाट शोधतो आणि इंडिकेटर लावला असता टेल लाइटच लुकलुकू लागतो. अर्थ, टेल, ब्रेक, डावा व उजवा अशा पाच स्वतंत्र तारा हाच त्यावरील उपाय. वीज असलेले संपर्क सॉकेटच्या आत दडलेले असावेत व सॉकेट मोटारसायकलीकडे असावे, म्हणजे ट्रेलर सोडल्यावर शॉर्ट सर्किट होत नाही.

एलईडीचा पर्याय

एलईडी दिवे वापरल्यास ट्रेलरचा एकूण भार साधारणतः १ अँपिअरच्या आत राहतो. ब्रेक दाबताच ते तंतूच्या बल्बपेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी पूर्ण उजळतात. ताशी ६० कि.मी. वेगाला हे तीन मीटरांहून अधिक अंतर होय.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. कलम ३९ नोंदणी आवश्यक ठरवते, तर कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. उत्तम प्रकाशव्यवस्था ही या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

डीसी पुरवठा, रिले, स्वतंत्र फ्यूज, पुरेशा जाडीची तार व स्वतंत्र अर्थ ही या जोडणीची पाच अंगे होत. यांतील प्रत्येक अंग ओहमच्या नियमाशी किंवा शक्तीच्या साध्या सूत्राशी निगडित आहे. पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात व्होल्टतेतील घट, रिले आणि अर्थदोष हे विषय या उदाहरणावरून शिकविता येतील. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील सूत्र आपल्याच गावच्या रस्त्यावर कोणाचा तरी जीव वाचवू शकते, याची जाणीव त्यातून होईल.