घरचा कुत्रा आणि मराठी आज्ञार्थ

घरी पाळलेला कुत्रा ‘ऐकत नाही’ ही तक्रार आपल्याकडे सर्वत्र कानी पडते, आणि तिच्या जोडीला कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हणही तयार असते. दोष कुत्र्याच्या स्वभावात आहे असे ह्या म्हणीने गृहीत धरले आहे. भाषेचा अभ्यासक ह्या प्रश्नाकडे वळला, तर मात्र त्याचे लक्ष प्रथम कुत्र्याला दिलेल्या शब्दाकडे जाते. कुत्रा ऐकत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला निश्चित असा एक शब्द मिळालेलाच नसतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल मेडशी येथील एखादे घर कल्पू. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव अकोला-वाशीम रस्त्यावर वसलेले असून तेथील बोली वऱ्हाडी आहे. घरातील पिल्लाला बसावयास शिकवावयाचे आहे. वडील ‘बस’ म्हणतात. मुलगा ‘बस बे’ म्हणतो. आजी ‘बस रे बापा’ अशी समजूत घालते. कोणी ‘बसजो’ हे वऱ्हाडी रूप योजतो. आपल्या दृष्टीने ही सर्व एकाच धातूची रूपे होत. प्रत्यय व संबोधने बाजूला सारून धातू ओळखण्याची शक्ती मराठी घरातील लहान मुलालाही लवकरच प्राप्त होते. कुत्र्याकडून तिची अपेक्षा करता येत नाही. त्याला हे निरनिराळे ध्वनिसमूह वाटतात.

अडचण उलट बाजूनेही आहे. पानात भात पुरेसा पडला की आपण ‘बस’ म्हणतो. अकोल्याची गाडी दिसली की ‘बस आली’ म्हणतो. पाहुणा आला की ‘बसा’ म्हणतो. अर्थ संदर्भावरून ठरतो आणि आपला घोटाळा होत नाही. कुत्र्याच्या कानी मात्र हाच ध्वनी दिवसातून कितीतरी वेळा पडतो, आणि बहुतेक वेळी त्याच्याकडून काहीच अपेक्षित नसते. ज्या ध्वनीमागून काही घडत नाही, त्याकडे दुर्लक्ष करावयास तो शिकतो. ह्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे होय.

पुष्कळ मराठी घरांत कुत्र्याशी ‘सिट’, ‘कम’ असे इंग्रजीत बोलण्याची रीत आहे. कुत्र्याला इंग्रजी अधिक समजते असा ह्याचा अर्थ नव्हे. हे शब्द मराठी घरच्या बोलण्यात एरवी फारसे येत नाहीत, त्यांना प्रत्यय लागत नाहीत, आणि घरातील सर्व माणसे ते एकाच रूपात उच्चारतात. हे तीन गुण मराठी शब्दालाही देता येतात. ‘बस’ऐवजी ‘टेक’ हा शब्द ठरवावा आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी तोच, त्याच रूपात वापरावा, म्हणजे काम झाले.

शब्द निवडताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. ‘ये’, ‘घे’ व ‘दे’ ह्या आज्ञांत केवळ आरंभीच्या व्यंजनाचा फरक आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कुत्र्यांचा मेंदू परिचित आज्ञा आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द ह्यांत भेद करतो, परंतु एकाच ध्वनीने बदललेला शब्द परिचित शब्दापासून वेगळा काढताना दिसत नाही, असे आढळले. तेव्हा परस्परांशी यमक साधणाऱ्या आज्ञा टाळाव्या. दोरी ओढण्याच्या खेळात ‘ओढ’ आणि ‘सोड’ असे दोन्ही शब्द वापरणे ह्याच कारणाने घातक ठरते. ‘सोड’ ठेवावा, ओढण्यास सांगण्याची गरजच नसते.

शब्दाइतकेच महत्त्व सुराला आहे. पॅट्रिशिया मॅकॉनेल ह्या अमेरिकन संशोधिकेने 1990 मध्ये दाखविले की, आखूड, पुन:पुन्हा येणारे स्वर कुत्र्याला हालचालीस प्रवृत्त करतात, तर एकच लांब, उतरता स्वर त्याला थांबविण्यास उपयोगी पडतो. आपल्याकडे कुत्र्याला ‘यू यू यू’ अशी हाक मारण्याची रीत आहेच. ती आखूड व आवर्ती असून इतर बोलण्यात येत नाही. बोलावण्यासाठी तिच्याहून चांगली आज्ञा शोधण्याचे कारण नाही. ‘थांब’ मात्र लांबवून, सूर उतरवीत, तळहात उभा धरून म्हणावा. शाबासकीतही शब्द आणि सूर ह्यांचा मेळ हवा. बुडापेस्टमध्येच 2016 मध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, स्तुतीचा शब्द स्तुतीच्या सुरात उच्चारला असताच मेंदूतील आनंदाशी संबंधित भाग विशेष उद्दीपित होतात, असे दिसून आले.

प्रत्यक्ष शिकवणीची रीत साधी आहे. आज्ञा एकदाच उच्चारावी. तीन वेळा उच्चारल्यास तिसऱ्या वेळी बसावयाचे, हेच पिल्लू शिकते. अपेक्षित कृती घडताच, क्षणही न दवडता, भाकरीचा लहान तुकडा द्यावा. पाठ काही मिनिटांत संपवावा. बोलावून जवळ आलेल्या कुत्र्याला मागच्या अपराधाबद्दल कदापि मारू नये, कारण त्याच्या लेखी ती शिक्षा जवळ येण्याचीच ठरते, आणि पुढे ती हाक निरुपयोगी होते.

खेळताना कुत्रा आपल्याशी त्याच्या खुणांनी बोलत असतो. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करणे, हे खेळाचे आमंत्रण होय. मार्क बेकॉफ ह्यांनी 1995 मध्ये ह्या खुणेला विरामचिन्हाची उपमा दिली; चावण्यासारखी कृती करण्याच्या आधी किंवा नंतर ती करून कुत्रा ‘हा खेळ आहे’ असे जणू नमूद करतो. ह्याउलट अंग ताठ होणे, नजर रोखणे, दबके गुरगुरणे ह्या खुणा दिसताच खेळ थांबवावा. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ह्या म्हणीवर मुलांना विसंबू देऊ नये. तसेच ‘छू’ हा अंगावर सोडण्याचा शब्द गमतीनेही उच्चारू नये. शिकलेला शब्द गंमत व सत्य ह्यांत भेद करीत नाही.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. मेडशीसारख्या हमरस्त्यावरील गावात मोटारगाड्यांची वर्दळ असते, आणि अंगणातून रस्त्याकडे धावलेला कुत्रा एका ‘थांब’वर थबकतो की नाही, ह्यावर त्याचा जीव अवलंबून राहू शकतो. म्हणून पिल्लू घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी कुटुंबाने एकत्र बसून चार-पाच शब्द, त्यांचे रूप आणि त्यांचा सूर ठरवून टाकावा. पिल्लाच्या शिक्षणाचा आरंभ माणसांच्या ह्या एकमतापासून होतो.