तंबू ठोकण्याआधी नदी पाहावी

इब्रामपूर हे पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाचं, सिंधुदुर्गाला खेटून असलेलं गाव. दोडामार्गातून येणारी तिळारी याच पट्ट्यात गोव्यात शिरते आणि पुढे शापोरा म्हणून वाहते. चांदेलला तिचं पाणी शुद्ध होऊन पेडण्यातल्या घरांत नळाला येतं. हळर्णच्या किल्ल्याजवळून, कोलवाळवरून जात ती मोरजीला समुद्राला मिळते. त्याच मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. इब्रामपूरच्या काठी तंबू ठोकून कुणी साबणाने भांडी घासली, तर तो साबण आधी कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याकडे आणि मग कासवांच्या किनाऱ्याकडे निघालेला असतो. दिवाळी सरली की भटक्यांचा हंगाम सुरू होतो. पाठपिशवी भरण्याआधी नदीची ही वाट डोळ्यांखालून घालावी.

जबाबदार भटकंतीचे नियम जगभर जवळपास ठरलेले आहेत. पाण्यापासून साठेक मीटर दूर राहा, शौचासाठी वीतभर खड्डा खणा, आपला कचरा आपण परत न्या आणि तंबू खडकासारख्या टणक जागी लावा. पहिले तीन नियम कुठेही मोलाचे आहेत, मात्र खड्ड्यासाठी माती तरी हवी. आपल्या जांभ्याच्या सड्यावर ती बोटभरही मिळत नाही, तेव्हा शौचाला उतारावरच्या मातीत जावं लागतं.

चौथा नियम तर आपल्याकडे उलटा करून वाचायला हवा. पावसाळ्यात सड्याचा खडक हीच सर्वांत नाजूक जागा असते. 2009 साली शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड खडकावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. बुटाचा एक ठसा, गाडीचं एक चाक, आणि त्याची अख्खी वीण गेली. दीपकाडीचे कंद, गेंद, सीतेची आसवं हे सगळं सड्यावरच्या याच जेमतेम मातीत उगवतं. पावसात सड्यावर तंबू नकोच, असं माझं ठाम मत आहे. मळलेल्या पायवाटेवरून एका रांगेत जावं, पाहावं आणि परतावं.

दिवाळीनंतर सडा वाळतो आणि धोका बदलतो. मार्च 2023मध्ये गोव्याच्या रानांत ठिकठिकाणी वणवे पेटले. म्हादई अभयारण्यातले डोंगर धुमसत होते आणि आग विझवायला नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. त्या आगी कशा लागल्या यावर पुष्कळ वाद झाले. पण वाळल्या गवतात शेकोटी पेटवणाऱ्याला असल्या वादाची वाट पाहायची गरज नाही. छोटा गॅस पुरतो, थंडीला कांबळं पुरतं.

तिळारीच्या रानात हत्तींचाही विचार हवा. कर्नाटकातून आलेले हत्ती दोन दशकांहून अधिक काळ दोडामार्गात वावरत आहेत. सप्टेंबर 2025मध्ये ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा हत्ती थेट पेडणे तालुक्यात उतरला. अशा वेळी मोबाइल उगारून मागे धावणारी गर्दी हत्तीलाही बिथरवते आणि शेतकऱ्यालाही संकटात टाकते. केळीच्या बागेशेजारी मुक्काम आणि रात्री मोठ्या आवाजात गाणी, दोन्ही टाळावं. 2020 साली तिळारीचं सुमारे 29 चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं, पण हत्तीची वाट काही त्या रेषेवर थांबत नाही.

दोडामार्गातल्याच हेवाळे-बांबर्डे इथली देवराई मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. जेमतेम अडीच हेक्टरांची ही रानजायफळाची दलदल 2021 साली जैवविविधता वारसा स्थळ ठरली. चिखलातून वर आलेली तिथली गुडघ्यांसारखी मुळं झाडाला श्वास देतात, त्यांच्यावर पाय पडता कामा नये. गावाने ती देवाच्या नावाने राखली, म्हणून ती सरकारला जाहीर करायला शिल्लक होती. सत्तरीत निरंकाराची राय अशीच टिकली. अनेक रायांत लोक पायताण बाहेर काढतात आणि फांदी तोडत नाहीत. पाहुण्यानेही तेच करावं.

जुलै 2023मध्ये नेत्रावळीच्या धबधब्यात दोघे बुडाले आणि अभयारण्यांतले धबधबे पर्यटकांना बंद झाले. त्याच महिन्यात दूधसागरकडे निघालेल्या झुंडी रेल्वेमार्गावरून परत फिरवाव्या लागल्या. जीव वाचवायला बंदी लागते हे मान्य, पण बंदी उठली की गर्दी तशीच लोटते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांना मर्यादा आहे, शुल्क आहे आणि व्यवस्था स्थानिक गावांच्या समितीकडे आहे. इब्रामपूर, हणखणे, साळ या नदीकाठच्या गावांनी आपापल्या ग्रामसभेत असाच ठराव करावा. कुठे मुक्काम चालेल, कुठे अजिबात नाही, एका वेळी किती माणसं, वाटाड्या गावातलाच, आणि जमलेले पैसे कचरा उचलण्यावर व वणव्याआधी गवताचे पट्टे साफ करण्यावर खर्च, हे सगळं त्यात लिहिलेलं असावं. तोवर भटक्यांनी पंचायतीत विचारून, गावात कुणाला तरी सांगूनच पुढे जावं.