श्वासांची मोजणी

बाळ आजारी पडले की घरातली बाई सांगते, ‘पोट उडतंय’, ‘धाप लागलीय’, ‘छातीचा भाता चाललाय’. हे शब्द वैद्यकाच्या पुस्तकातले नाहीत, पण त्यांतले निरीक्षण अचूक आहे. जगात २०१९ साली पाच वर्षांखालील ७ लाख ४० हजारांहून अधिक मुले न्यूमोनियाने दगावली. त्यांतल्या कितीतरी मुलांच्या उशाशी बसलेल्या माणसांना धाप दिसत असणार. धाप किती वाढली की धोका समजायचा, हे ठरवायला माप हवे होते. ते मिळाले १९८०च्या दशकात.

न्यूमोनियात फुफ्फुसातल्या वायुकोशांमध्ये पू आणि द्रव साचतो. फुफ्फुस ताठर होते आणि एका श्वासात पुरेसा प्राणवायू मिळत नाही. मग मूल उथळ, पण भराभर श्वास घेऊ लागते. आजार वाढला की फुफ्फुस फुगवायला आणखी जोर लागतो. मुलांच्या बरगड्या लवचीक असल्याने श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. आई ज्याला ‘पोट उडणे’ म्हणते ते बहुतेकदा हेच.

एरवी निदानाची भिस्त स्टेथोस्कोप आणि एक्स-रेवर असे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील गोरोका येथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन यांच्यापुढे प्रश्न होता, की ही साधने नसलेल्या खेड्यात कोणत्या खोकणाऱ्या मुलाला प्रतिजैविक द्यायचे? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात श्वासाचा वेग ही उपयोगी खूण ठरली. पुढे १९८८ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी ही मर्यादा वयानुसार वेगळी असावी, असे दाखवले. आज सर्वत्र मानली जाणारी मापे अशी आहेत: दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास.

हे माप खेड्यातल्या माणसाच्या हाती दिले तर काय होईल, याचे उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत आरोग्यसेवक आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावे होती. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ८.१. अनेक दायांना आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा.

मोजणी सोपी आहे, पण ती घाईत होत नाही. मूल शांत असावे. रडताना किंवा अंगावर पिताना मोजू नये. आईच्या मांडीवर असतानाच झबले वर करावे आणि छाती-पोटाची हालचाल पाहावी. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो, मध्येच क्षणभर थांबतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चुकीचे. पूर्ण मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तोच आला, तर विनाविलंब दवाखाना गाठावा.

निदानानंतरची शुश्रूषाही अशीच बारकाईची. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक बरे वाटू लागले तरी पूर्ण करायचे. चोंदलेले नाक मिठाच्या पाण्याचे थेंब व मऊ कापडाच्या वातीने मोकळे करायचे, कारण नाक बंद असलेले बाळ पिऊ शकत नाही. धाप लागलेले मूल दमते, म्हणून थोडे थोडे, पण वारंवार पाजायचे. तान्ह्या बाळाला उबेत ठेवायचे, घरात धूर होऊ द्यायचा नाही, एक वर्षाखाली मध चाटवायचा नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा श्वास मोजायचे. मूल काहीच पीत नसेल, सगळे ओकत असेल, आकडी आली, गुंगीत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर घरी थांबायचे नाही. मेळघाटासारख्या भागात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजूनही येतात. त्या घरालाही पोट उडताना दिसलेले असते. दिसल्यानंतर जायचे कुठे, तो रस्ता तेवढा जवळ नसतो.

या मापाला मर्यादाही आहेत. ताप आणि दमा यांनीही श्वास वाढतो, त्यामुळे न्यूमोनिया नसलेल्या काही मुलांनाही औषध मिळते. जिथे सोय आहे तिथे रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर जोडीला घ्यावा. तरीही पहिली चाळणी श्वासांचीच राहते. तिला खर्च नाही, वेळ मात्र लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एकेका मुलासाठी एक मिनिट म्हणजे रांग लांबणे. म्हणून मोजण्याऐवजी अंदाजाने आकडा लिहिला जातो. परिचारिकेच्या नोंदवहीतला तो रकाना किरकोळ दिसतो. पण खोकणारे मूल घरी परत पाठवायचे, की ठेवून घ्यायचे, हे अनेकदा त्या एका रकान्यावर ठरते. तिला ते मिनिट मिळावे एवढी व्यवस्था करणे, हा बालआरोग्यावरचा सर्वांत स्वस्त खर्च आहे.