व्हॅक्यूम घ्या, पण तोंड बघून

आमच्याकडे एक गावठी कुत्री आहे आणि एक बोका आहे. त्यामुळे घरात काळी पँट घालायची सोय नाही. सकाळी कुंचा हातात घेतला की केस कुंच्याच्या पुढे पळतात, पंखा चालू असेल तर कपाटाखाली जाऊन गोळा होतात आणि संध्याकाळी तिथून पुन्हा बाहेर येतात. फरशीचं तरी बरं, ओल्या फडक्याने भागतं. सोफ्याचं मात्र काही चालत नाही. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं आणि एक विक्रेता घरी डेमो द्यायला आला. त्याने गादीवर मूठभर खाण्याचा सोडा पसरला, नळी फिरवली, सोडा गायब. खोक्यावर 1600 वॉट छापलेलं. आम्ही भारावून गेलो, पैसे मोजले. रात्री तेच यंत्र सोफ्यावर फिरवलं, तर कुत्रीचे केस जागच्या जागी! नळीने सोफ्याचं कापड मात्र ओढून धरलं होतं.

सोडा आणि केस यांच्यातला फरक तेव्हा कळला. सोडा कापडावर नुसता पडलेला असतो, केस त्यात घुसलेला असतो. प्राण्याच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांची टोकं एकाच दिशेला वळलेली असतात. त्यामुळे घासलं गेलं की केस विणीत आत सरकत जातो, उलटा सहज निघत नाही. लॅब्रॅडॉर किंवा देशी कुत्र्याचे आखूड, ताठ केस तर कापडात सुईसारखे उभे रुततात. पर्शियन मांजराचे लांब केस त्या मानाने वरच्या वर गुंततात, पण ते यंत्राच्या ब्रशला दोऱ्यासारखे गुंडाळले जातात. सोफा सिंथेटिक कापडाचा असेल, तर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे दोन्ही जातींचे केस आणखी चिकटतात. अशा केसाला आधी खरवडून सोडवावं लागतं, मग ओढावं लागतं. ओढायचं काम मोटर करते. सोडवायचं काम नळीच्या टोकाला बसवलेलं तोंड करतं, आणि ते बघायला आपण विसरतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच एका सफाई कामगाराच्या लक्षात आली होती. त्याच्या आधी, 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने केलेलं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून लांब नळ्या घरात सोडायचं. तो सफाई कामगार म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कँटन गावचा जेम्स मरे स्पँग्लर. तो एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दम्याचा त्रास होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, उशीचा अभ्रा असल्या वस्तू जोडून त्याने हातात धरायचं यंत्र केलं आणि त्यात ओढणाऱ्या हवेच्या जोडीला फिरता ब्रश बसवला. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे ते हक्क हूवर नावाच्या, चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या कुटुंबाने घेतले आणि त्यांचं नाव जगभर झालं.

तर तोंडं तीन प्रकारची मिळतात. पहिलं साधं, चपटं. फरशीला ते पुरतं, सोफ्याला नाही. दुसरं टर्बो ब्रश: आत ओढल्या जाणाऱ्या हवेवरच त्यातला रूळ फिरतो. ऐकायला छान, पण मऊ गादीवर जरा दाबलं की रूळ थांबतो. तिसऱ्यात ब्रशला स्वतःची छोटी मोटर असते. केसाळ घरासाठी हेच घ्यावं, आणि तेही तळहाताएवढं, सोफ्यासाठीचं, खोक्यात सोबत आहे ना हे पाहून. रुळावर नुसत्या ताठ तारांऐवजी रबराच्या पट्ट्या असतील तर केस कमी गुंततात. ‘केस गुंततच नाहीत’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नका. आठवड्यातून एकदा कात्री घेऊन बसावंच लागतं. म्हणून रूळ स्क्रू-ड्रायव्हरशिवाय हाताने निघतो का, ते दुकानातच काढून बघा.

वॉटचं काय? वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं, किती ओढतं हे नव्हे. युरोपात सप्टेंबर 2017 पासून घरगुती व्हॅक्यूमला 900 वॉटची मर्यादा आहे, तरी तिथले गालिचे साफ होतातच. हल्ली पास्कलचे मोठमोठे आकडे छापतात. तो आकडा तोंड पूर्ण बंद असतानाच्या ओढीचा असतो, आणि केस वाहून न्यायला वाहती हवा लागते. बिनवायरच्या यंत्रात आणखी एक मेख असते. खोक्यावरची मिनिटं सर्वांत मंद वेगाची असतात. पूर्ण जोरावर, मोटरचा ब्रश लावून किती वेळ चालतं ते विचारा. बॅटरी वेगळी बदलून मिळते का, हेही.

घरात कोणाला शिंका येत असतील तर फिल्टरवर पैसे घालवा. मांजराची ॲलर्जी केसाची नसते. त्याच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटतं, लाळ केसावर वाळते आणि तिचे बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात. साध्या फिल्टरचं यंत्र केस पोटात ठेवतं आणि हे कण मागून खोलीभर फेकतं. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर तो हेपा नाही असं धरून चाला. धुण्याचा स्पंजचा फिल्टर असेल तर एक जादा घेऊन ठेवा. जुलैत तो दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलाच बसवला तर सगळ्या घराला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो. पिशवीवाल्या यंत्राला पिशव्यांचा खर्च आहे, पण डबा गॅलरीत रिकामा करताना वाऱ्याने केस शेजाऱ्यांच्या वाळवणावर जाण्यापेक्षा तो परवडला.

रोबो व्हॅक्यूम फरशीवर रोजच्या रोज फिरायला चांगला, सोफ्यावर चढत नाही. घरात पिल्लू असेल तर तूर्त नकोच. पिल्लाने घाण केली आणि रोबो त्यावरून गेला, तर ती प्रत्येक खोलीत पोचते.

कुत्र्याला आपल्याहून पुष्कळ उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. मोटरची शिटी त्याला असह्य होत असेल. पहिले काही दिवस यंत्र बंदच खोलीत ठेवा, मग दुसऱ्या खोलीत चालू करा. आणि केस गळायच्या दिवसांत रोज दहा मिनिटं गॅलरीत त्याला विंचरा. आमच्या सोफ्यावरचा भार त्यानेच सगळ्यात जास्त हलका झाला.

दुकानात जाताना त्या विंचरलेल्या केसांची एक पिशवी आणि सोफ्यावरची एक उशी बरोबर न्या. केस उशीवर पसरा, हाताने चांगले चोळून रुतवा आणि मग विक्रेत्याला म्हणा, आता दाखवा डेमो.